‘लो दुसरा’ : तळटीप
‘लो दुसरा’ : ही छपाईची चूक नव्हे. फर्ग्युसन ३५ (इंग्लंड, १९५६) आणि पुढे भारतात टॅफे कंपनीने बनवलेल्या मॅसी फर्ग्युसन या ट्रॅक्टरांना गिअरचे दोन दांडे असत. एकात पुढचे तीन गिअर आणि रिव्हर्स, दुसऱ्यात हाय आणि लो. म्हणून पुढचे सहा, मागचे दोन. हात आधी लो टाकी, मग दुसरा. नावही त्याच क्रमाने पडले. उज्जैनच्या ओल्या काळ्या मातीत फाळ रुतला की हाय दुसऱ्यात इंजिन गुदमरते, लोमध्ये ट्रॅक्टर सावकाश ओढून नेतो. हस्तलिखितात लेखकाने ‘लो दुसरा’ खोडून ‘कमी वेगाचा गिअर’ केले होते. पुस्तकातल्या आजोबांच्या तोंडचा तो शब्द आम्ही संपादकांनी आग्रहाने परत आणला.