सुरांची फोड आणि जोड

सटाण्याच्या देवमामलेदारांच्या मंदिरात भजन रंगात आले म्हणजे पखवाज, टाळ आणि पेटी यांचे आवाज एकमेकांत मिसळून जातात. तरीही बाहेर डोळे मिटून उभ्या असलेल्या मनुष्यास पखवाज कोणता व टाळ कोणता हे सांगावे लागत नाही. पेटी आणि कंठ एकाच स्वरावर असले तरी कान ते दोन्ही वेगळे ओळखतो. हा वेगळेपणा कशात आहे, आणि तो हुडकून काढल्यावर त्याच घटकांतून तोच आवाज पुन्हा उभा करता येईल काय, या दोन प्रश्नांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्या गवयांच्या कानांस पूर्वीच सापडले होते. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप ऐकू येतो. त्यास ते स्वयंभू गांधार म्हणतात. शास्त्राच्या भाषेत तो मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा उपस्वर होय. फ्रेंच गणिती फूरिये याने १८२२ साली उष्णतेवरील ग्रंथात अशी रीत मांडली की, ठराविक कालाने पुन्हा पुन्हा येणारी लहर साध्या लहरींची बेरीज म्हणून लिहिता येते. पुढे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्त्झ याने आपल्या १८६३ च्या ग्रंथात हीच दृष्टी आवाजास लावली. पोकळ गोलकांच्या साह्याने त्याने उपस्वर एकेक करून टिपले. मग विद्युच्चुंबकाने कंप पावणारे नादकाटे कमीअधिक जोराने एकत्र वाजवून अकार, उकार यांसारखे मानवी उच्चार उभे केले. फोड आणि जोड ही दोन्ही कामे प्रथमच अशी एका ठिकाणी आली.

महाराष्ट्रात असाच प्रयत्न निराळ्या अंगाने झाला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या साह्याने स्वरांची मापे घेतली व १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी हे काम पुढे चालविले आणि लंडनचे वाद्यकार मूर यांच्याकडून श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वाद माजला. पंडित भातखंडे यांना हा सिद्धान्त मान्य नव्हता. पेटीत श्रुती आल्या होत्या, परंतु एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणारी मींड काही येईना.

याच सुमारास चंद्रशेखर वेंकट रामन यांचे लक्ष आपल्या चर्मवाद्यांकडे गेले. साध्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर मूळ स्वराशी पूर्णांकाच्या नात्याने जुळत नाहीत. म्हणून त्याचा आवाज बोजड निघतो. मृदंगाच्या व तबल्याच्या शाईमुळे मात्र ते जुळून येतात, हे त्यांनी १९२० साली व पुढे १९३४ साली सविस्तर दाखविले. येथे जोड आधी झाली होती; पखवाज घडविणाऱ्यांच्या हातांनी ती केली होती. फोड मागाहून आली.

संगणकाने संगीत निर्माण करण्याचे काम अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली सुरू केले. तेथेच १९६५ च्या सुमारास रिसे या फ्रेंच संगीतकाराने तुतारीचा आवाज जोडावयास घेतला. ग्रंथात दिलेली उपस्वरांची ठरीव प्रमाणे घेऊन पाहता तुतारी काही निघेना. मग त्याने आवाजाचे क्षणाक्षणाचे तुकडे तपासले. तेव्हा उपस्वर एकाच वेळी उगवत नाहीत, आणि आवाज वाढला की वरच्या उपस्वरांचे प्रमाणही वाढते, असे दिसून आले. हे सांभाळताच खरा व जोडलेला आवाज यांतील भेद ओळखणे श्रोत्यांस कठीण झाले. १९८६ साली मॅकॉले व क्वाटिएरी यांनी बोलण्याच्या आवाजाची अशी फोड-जोड करण्याची रीत दिली. १९८९ साली झेवियर सेरा यांनी त्यात महत्त्वाची भर घातली. साध्या लहरी वजा केल्यावर जे उरते, म्हणजे श्वासाची फुंक, गजाची घासणी किंवा बोटाचा आघात, ते त्यांनी टाकून दिले नाही. त्याचा स्वतंत्र हिशेब ठेवला.

हा हिशेब केवळ विद्वानांच्या कामाचा नाही. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली निवर्तले. त्यांचा कंठ आता जुन्या तबकड्यांतच उरला आहे आणि त्यावर सुईची खरखर आहे. आज ती खरखर याच फोडीच्या रीतीने वेगळी काढता येते. परंतु खरखर कोठे संपते आणि गवयाचा श्वास कोठे सुरू होतो, हे यंत्रास कोणीतरी सांगावे लागते. सांगणारा चुकला तर तबकडी स्वच्छ होते आणि गवयाचा श्वास मात्र तिच्यातून पुसला जातो. म्हणून या कामात गणित जाणणाऱ्याच्या शेजारी गाणे जाणणारा बसलेला असावा. देवलांनी मापे घेताना खाँसाहेबांना जवळ बसविले होते, ते उगीच नव्हे.