पेंढ्यापासून इथेनॉल : आधी ॲसिडची प्रक्रिया कशाला?

उसाच्या रसात साखर मोकळी असते, यीस्ट टाकलं की आंबते. भाताचा पेंढा, गव्हाचं काड, पऱ्हाटी यांच्यातही साखरच आहे, पण ती सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजच्या साखळ्यांत अडकलेली. वरून लिग्निनचा लेप, विटांमधल्या सिमेंटसारखा. हा लेप सैल झाल्याशिवाय साखर सोडवणारे एन्झाइम आत पोचत नाहीत.

म्हणून कारखान्यात आधी पूर्वप्रक्रिया होते. काड बारीक करून साधारण १ टक्का सल्फ्युरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवतात. बॅटरीत असतं तेच ॲसिड, पण खूप पातळ. मग बंद टाकीत, वाफेच्या दाबाखाली १५० ते २०० अंश सेल्सियसला काही मिनिटं शिजवतात. हेमिसेल्युलोज विरघळून झायलोज ही साखर सुटते, सेल्युलोज उघडं पडतं. आंच जास्त झाली तर हीच झायलोज बिघडून फुरफुराल बनतं, ते यीस्टला मारक. शेवटी चुना किंवा अमोनिया घालून आम्लपणा मोडतात. कॉस्टिक सोड्यानेही लिग्निन काढता येतं, कागद कारखान्यांत तेच चालतं, पण सोडा महाग पडतो.

हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा असा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ ला देशाला अर्पण झाला. तंत्रज्ञान आपल्या पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. क्षमता वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढा आणि ३ कोटी लिटर इथेनॉल, म्हणजे टनामागे १५० लिटर.

ॲसिडचं काम कारखान्याचंच. घरी ड्रममध्ये करून बघायची ही गोष्ट नाही, कातडी आणि डोळे जातात. शेतकऱ्याच्या हातात आहे ते गाठ कोरडी आणि बिनमातीची ठेवणं. ओली गाठ आतून कुजते, साखर तिथंच संपते. माती आली की यंत्राची पाती झिजतात, आणि आपल्या चुनखडीच्या जमिनीची माती असेल तर ती ॲसिडच खाऊन टाकते. त्यामुळे कुणी काड घ्यायला आलं तर भाव ओलाव्यावर की नुसत्या वजनावर, हे आधी विचारून घ्यावं.

हिशेबात आणखी एक धरावं. भातपिकाने उचललेल्या पालाशाचा मोठा भाग पेंढ्यात असतो. गाठी विकल्या की तो शेताबाहेर जातो, पुढच्या हंगामात पोटॅशची गोणी वाढते.