धाडसाचे जनुक : एका शोधाची गोष्ट

मधल्या सुट्टीत एखादा मुलगा कुंपणाच्या भिंतीवर चढतो आणि खाली उडी टाकतो. ‘याच्या रक्तातच आहे ते!’ असे आपण बोलून जातो. पण रक्तात असणे म्हणजे नेमके काय? आम्हा संशोधकांनाही एकेकाळी याचे सोपे उत्तर सापडल्यासारखे वाटले होते.

जानेवारी १९९६ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात दोन लेख एकदमच आले. एक इस्राएलमधून, दुसरा अमेरिकेतून. मेंदूतील पेशी डोपामिन या रसायनाद्वारे संदेश पाठवतात. तो स्वीकारणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकात ४८ अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. कुणात ४ वेळा, कुणात ७ वेळा. तुकडा जास्त वेळा असलेल्यांना नावीन्याची ओढ अधिक, असे दोन्ही गटांना आढळले. हेच ७ तुकड्यांचे रूप अतिचंचल मुलांत अधिक दिसते, असेही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. धाडस आणि मनोविकार यांची एकच किल्ली हाती आली, असे वाटू लागले.

पुढे इतरांनी प्रयोग केले, तेव्हा नावीन्याच्या ओढीशी असलेला संबंध कधी दिसे, कधी दिसत नसे. असे का व्हावे? नाणे १० वेळा उडवले आणि ७ वेळा छापा आला, तर आपण नाणे खोटे ठरवत नाही. इस्राएलमधील अभ्यासात १२४ माणसे होती, अमेरिकेतील अभ्यासात ३१५. सूक्ष्म परिणाम पारखायला ती फारच थोडी होती.

२०१९ मध्ये त्याच नियतकालिकात दहा लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास आला. जोखीम घेण्याच्या वृत्तीशी निगडित ९९ जागा जनुकसंचात सापडल्या. डोपामिनच्या जनुकांना मात्र त्यात खास स्थान मिळाले नाही. जनुकसंचातील असंख्य फरक एकत्र मोजूनही माणसामाणसांतील तफावतीचा जेमतेम १.६ टक्के भाग सांगता आला. शिवाय हे सारे लोक युरोपीय वंशाचे होते.

अतिचंचलता, बायपोलर विकार आणि स्किझोफ्रेनिया यांच्याशी काही जनुकीय फरक सामाईक आहेत, हेही दिसले. पण सामाईक फरक म्हणजे भाकीत नव्हे. धाडसी माणूस आजारी पडेलच, असे त्यातून निघत नाही.

भिंतीवरच्या मुलाला खाली बोलवावे, हे खरेच. पण त्याच्या रक्तात काय लिहिले आहे, ते दहा लाख लोक तपासूनही आम्हाला वाचता आलेले नाही.