सूचीचिकित्सा : तिचें वय आणि तिची परीक्षा

कोणत्याही उपचाराची शिफारस करतांना त्याचें वय आधीं सांगण्याची आपल्या समाजांत चाल आहे. औषध काय करतें हें मागाहून. तें किती हजार वर्षांचें आहे हें प्रथम. ऋतु पालटतांना ज्यांना सकाळीं उठल्याबरोबर वीस-पंचवीस शिंका येतात, नाक वाहतें, डोळ्यांना खाज सुटते, अशा मंडळींना हल्लीं चिनी सुयांचा, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चरचा, उपचार सुचविला जातो. आणि त्याबरोबर ‘पांच हजार वर्षांची विद्या’ हें प्रशस्तिपत्रही जोडलें जातें. या सुयांनीं अ‍ॅलर्जीला खरोखर उतार पडतो काय, या प्रश्नाचा निकाल त्या आंकड्यानें लागत नाहीं हें उघड आहे. तथापि तो आंकडाही एकदां तपासून पाहावा असें आम्हांस वाटतें. कारण तो तपासतां तपासतां मूळ प्रश्नाचीही वाट सांपडते.

हुआंगदी हा चीनच्या पुराणांतील ‘पीत सम्राट’. वैद्यकाचा जो मूळ ग्रंथ त्याच्या नांवावर मोडतो, तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत संकलित झाला असावा, असें विद्वानांचें सामान्यतः मत आहे. आपल्याकडे आयुर्वेदाची परंपरा ब्रह्मदेवापर्यंत नेऊन भिडवितात, त्यांतलाच हा प्रकार. शिवाय १९७३ सालीं हूनान प्रांतांत मावांगद्वी येथें एक थडगें उकरण्यांत आलें, तें इ. स. पूर्वी १६८ मध्यें बंद केलेलें होतें. त्यांत रेशमी वस्त्रावर लिहिलेले वैद्यकाचे लेख निघाले. शरीरांतील अकरा नाड्यांचें वर्णन त्यांत आहे. त्या नाड्यांवर औषधी पाला जाळून शेक देण्याची रीत आहे. सुया टोंचण्याची मात्र नाहीं. तेव्हां सुयांची पद्धति बांधेसूद झाली ती त्यानंतर, असें अनुमान निघतें. पांच हजारांचीं दोन हजार वर्षें झालीं तरी तें वय कांहीं थोडें नव्हे. पण दोन हजार वर्षें जी टिकली ती सुई कोणती?

पीत सम्राटाच्या ग्रंथांत नऊ प्रकारच्या सुया सांगितल्या आहेत. त्यांतील कांहीं आजच्या अर्थानें सुया नसून गळूं फोडण्याचीं व रक्त काढण्याचीं शस्त्रें आहेत. पुढें खुद्द चीनमध्यें या विद्येला उतरती कळा लागली. १८२२ सालीं दाओग्वांग बादशहानें आपल्या राजवैद्यशाळेंतून सूचीचिकित्सा बंद करविली. १९२९ मध्यें चिनी प्रजासत्ताकाच्या आरोग्यमंडळानें सर्वच जुनें वैद्यक हळूहळू मोडीत काढण्याचा ठराव केला. त्याविरुद्ध देशभरचे वैद्य शांघायला जमले, मोठी खळबळ उडाली आणि ठराव अमलांत आला नाहीं. या पडत्या काळांत छंग दान-आन (१८९९–१९५७) नांवाच्या वैद्यानें जें केलें, तें आम्हांस या सर्व इतिहासांत अत्यंत महत्त्वाचें वाटतें. त्यानें टोंचण्याच्या जागा अर्वाचीन शारीरशास्त्राशीं पडताळून पाहिल्या, त्या रक्तवाहिन्यांवरून हलविल्या आणि जाड्या सुयांऐवजीं केसासारख्या बारीक सुया प्रचारांत आणल्या. त्याचें पुस्तक १९३१ सालचें. आज दवाखान्यांत कपाळावर व मनगटाजवळ जी नाजूक सुई टोंचली जाते, ती बऱ्याच अंशीं या गृहस्थाची सुई आहे. पुढें माओच्या राजवटींत, देश अफाट व डॉक्टर मोजके अशा स्थितींत, या विद्येला राजाश्रय मिळाला. जुनें वैद्यक म्हणजे मोठा खजिना आहे, असें माओनें १९५८ सालीं जाहीर केलें. त्याच्या खासगी डॉक्टरानें १९९४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आठवणींत मात्र असें नमूद आहे कीं, या औषधांवर स्वतः माओचा विश्वास नव्हता व तो तीं घेतही नसे. राजकारणी पुरुष प्रजेसाठीं एक पथ्य व स्वतःसाठीं दुसरें ठेवतात, हें कांहीं चीनचेंच वैशिष्ट्य नव्हे.

ही विद्या मुळांत आमचीच, असें म्हणणारेही आपल्याकडे आहेत. ते सुश्रुताच्या १०७ मर्मांकडे बोट दाखवितात. परंतु शस्त्र चालवितांना मर्में सांभाळावीं, तेथें इजा होऊं देऊं नये, असा सुश्रुताचा कटाक्ष आहे. जें टाळावयास सांगितलें, तेंच टोंचावयाचें ठिकाण ठरविणें ही अभिमानाची कसरत झाली.

युरोपलाही या सुया नव्या नाहींत. जपानांत राहून आलेला डच वैद्य विलेम टेन ऱ्हायने यानें १६८३ सालीं लंडनमध्यें छापलेल्या लॅटिन ग्रंथांत त्यांचें वर्णन केलें, आणि ‘अ‍ॅक्युपंक्चर’ हा लॅटिन वळणाचा शब्दही त्याचाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम ऑस्लरसारख्या जाड्या विद्वान वैद्यानें आपल्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकांत (१८९२) कंबरेच्या उसणीवर सुया टोंचाव्या, टोपीला लावावयाच्या साध्या सुया उकळून घेतल्या तरी चालतील, असें लिहिलें. याच ऑस्लरनें माँट्रियल येथें एका धनाढ्य साखर कारखानदारावर हा प्रयोग केला. प्रत्येक टोंचणीसरशी म्हातारा शिव्यांची लाखोली वाही. शेवटीं तो तसाच लंगडत निघून गेला. गुण आला असता तर विद्यापीठाला दहा लाखांची देणगी मिळाली असती, याची ऑस्लरला फार हळहळ वाटली, असें त्याचा चरित्रकार सांगतो.

हिंदुस्थानांत ही विद्या आली तिचा संबंध महाराष्ट्राच्या एका अभिमानाच्या नांवाशीं आहे. १९३८ सालीं काँग्रेसनें चीनला जें वैद्यकीय पथक पाठविलें, त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. ते १९४२ मध्यें तिकडेच वारले. त्यांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसू हे पुढें पुन्हां चीनला गेले, तेथें सुयांचा उपचार शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनीं तो कलकत्त्यास सुरू केला. पण या उपचाराचा जगभर बोलबाला झाला तो १९७१ नंतर. जेम्स रेस्टन या अमेरिकन पत्रकाराचें पेकिंगमध्यें आंत्रपुच्छाचें ऑपरेशन झालें. तें बेशुद्ध न करतां नुसत्या सुयांवर झालें, ही आख्यायिका आम्हीं स्वतः सुशिक्षितांच्या तोंडून कितीदां तरी ऐकली आहे. रेस्टननें २६ जुलै १९७१ रोजीं आपल्या वर्तमानपत्रांत लिहिलें तें निराळेंच आहे. ऑपरेशनला नेहमींचीं बधिर करणारीं औषधें टोंचलीं होतीं. दुसऱ्या रात्रीं पोटांत वायु धरला, तेव्हां उजव्या कोपरांत व गुडघ्यांखालीं तीन सुया टोंचल्या, आणि तासाभरांत आराम पडला. मूळ लेख कोणींही वाचावा असा आहे. पण आख्यायिकेला वाचक लागत नाहींत.

आतां अ‍ॅलर्जीकडे वळूं. चार्ल्स ब्लॅक्ली हा मँचेस्टरचा वैद्य स्वतः या व्याधीनें गांजलेला होता. गवताचे पराग स्वतःच्या नाकांत घालून, कातडी खरवडून तीवर लावून आणि पतंगाला चिकट कांचा बांधून उंचावरील हवेंतील पराग मोजून त्यानें या रोगाचें कारण सिद्ध केलें. तें १८७३ सालीं. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द पिर्के या व्हिएन्नाच्या वैद्यानें १९०६ मध्यें बनविला, आणि रक्तांतील जें द्रव्य हा सारा दंगा करतें, तें १९६७ च्या सुमारास हातीं लागलें. निरुपद्रवी परागाला शत्रु समजून शरीर आपलें सगळें सैन्य बाहेर काढतें, असा हा रोग आहे. त्याचा दुसरा गुण असा कीं, तो येतो तसा आपोआप जातोही. पराग संपले कीं शिंका संपल्या.

ही गोष्ट उपचाराची परीक्षा करणाऱ्यास फार अडचणीची आहे. आम्ही पुण्यांत राहतों. येथें १९५५ च्या सुमारास प्रथम दिसलेलें गाजरगवत आतां देशभर पसरलें आहे, आणि पावसाळा सरतांना आमचें नाक त्याची दखल घेतें. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं ऑक्टोबरांत सुया घेण्यास आरंभ केला. बारा खेपा झाल्या. नाकपुडीच्या बाजूस एक जागा आहे, तिला चिनी भाषेंत ‘सुगंधाचें स्वागत’ असें नांव आहे. नाक चोंदलेल्या माणसाला तें नांवच अर्धा धीर देतें. दुखलें म्हणावें असें कांहीं नाहीं. अर्धा तास स्वस्थ पडून राहावयाचें, कोणी बोलावयाचें नाहीं, फोन वाजावयाचा नाहीं; घरच्या कर्त्या माणसाला इतकी विश्रांति एरव्हीं कोण देतो? डिसेंबरांत शिंका थांबल्या. घरच्या मंडळींनीं यश सुयांना दिलें. पण टेकडीवरचें गवतही तोंपर्यंत वाळून गेलें होतें.

हा गुंता सोडवावयास एका माणसाचा अनुभव, मग तो कितीही प्रामाणिक असो, कामास येत नाहीं. त्यासाठीं खोटी सुई लागते. १९९८ मध्यें श्ट्राइटबर्गर या जर्मन डॉक्टरानें नाटकांतल्या कट्यारीप्रमाणें मुठींत मागें सरकणारी सुई बनविली. टोंचल्याचा भास होतो, टोंचत नाहीं. दुसरी युक्ति अशी कीं, सुई खरी, पण भलत्याच जागीं आणि अगदीं वरवर टोंचावयाची. या दुसऱ्या युक्तीनें जर्मनींत जी मोठी परीक्षा झाली, तिचा निकाल २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. पराग-अ‍ॅलर्जीचे ४२२ रोगी, ४६ डॉक्टर, आठ आठवड्यांत बारा खेपा. एका गटाला खऱ्या सुया, दुसऱ्याला खोट्या, तिसऱ्याला सुया नाहींतच. लागेल तेव्हां सेटिरिझिनची गोळी मात्र तिघांनाही मोकळी. त्रास मोजण्याची पट्टी शून्यापासून सहापर्यंत होती. आठ आठवड्यांनीं खऱ्या सुयांचा गट खोट्यांपेक्षां अर्ध्या अंकानें आणि नुसत्या गोळ्यांपेक्षां ०·७ नें सरस ठरला. गोळ्याही त्याला थोड्या कमी लागल्या. रोग्याला जाणवेल असा लहानांत लहान फरक या पट्टीवर अर्ध्या अंकाचाच धरतात. म्हणजे उंबरठा जेमतेम गाठला. सोळाव्या आठवड्यांत पाहिलें तर गटांगटांत फरक उरला नव्हता.

याचा आम्हीं लावलेला अर्थ असा : कांहींतरी आहे, तें लहान आहे, आणि तें टिकत नाहीं. सुया टोंचणाऱ्या डॉक्टरांना खरें-खोटें ठाऊक होतें, हें ध्यानांत घेतलें तर त्या लहानशा फरकांतूनही थोडी सूट द्यावी लागेल. उलट बाजूनें, सारें थोतांड आहे म्हणणाऱ्यांनाही हे आंकडे पूर्ण साथ देत नाहींत. कंबरदुखीच्या बाबतींत तर २००७ सालच्या दुसऱ्या एका जर्मन परीक्षेंत नवलच घडलें : खऱ्या सुयांनीं शेंकडा ४७·६ रोग्यांना गुण आला, खोट्यांनीं ४४·२ ना आणि नेहमींच्या उपचारांनीं अवघ्या २७·४ ना. तेथें सुई कोठें टोंचली याला फारशी किंमत नसून ती टोंचून घेण्याला होती, असें दिसतें. जुनाट कंबरदुखी व गुडघेदुखीसाठीं या खेपांचा खर्च जर्मनींतील सार्वजनिक आरोग्यविमा देऊं लागला. अ‍ॅलर्जी त्या यादींत बसली नाहीं.

शिंकांपुरता हा प्रश्न पैशाचा व वेळेचा आहे. दम्याशीं गांठ पडली कीं तो जिवाचा होतो. आमच्या भाचीला लहानपणापासून दोन्ही व्याधि आहेत. तिच्या सुयांच्या उपचारकानें, विद्या इतकी प्राचीन असतां फवाऱ्याची गरज काय, असें सांगून तो बंद करविला. तीन आठवड्यांनीं मध्यरात्रीं तिला श्वास पुरेना, ओंठ काळेनिळे पडले, आणि चार दिवस दवाखान्यांत काढावे लागले. सुईनें तिला कांहीं अपाय केला नव्हता. केला तो त्या ‘प्राचीन’ शब्दानें.

ती आतां फवारा नियमानें घेते. उपचारक बदलला, पण सुया तिनें सोडलेल्या नाहींत. “मामा, त्या रात्रीं झोंप छान लागते,” असें म्हणते. त्यावर आम्हीं कांहीं आक्षेप घेतला नाहीं. फक्त खेपेचे पैसे किती पडतात तें विचारलें.