जाम इंजिन उघडणाऱ्या विद्येची कुळकथा

दिल्ली परिसरात ट्रॅक्टरचा कारखाना आला तो दुरुस्तीच्या मागून. आज फरिदाबाद म्हटलं की कारखान्यांच्या रांगा आठवतात आणि आधी उत्पादन, मग विक्री, मग दुरुस्ती असा क्रम आपण गृहीत धरतो. इथं तो उलटा होता. गंजून बसलेलं इंजिन उघडायचं, झिजलेलं काढायचं, नवं बसवायचं आणि पुन्हा सुरू करायचं, ही विद्या आधी रुजली. तिच्या जोरावर कारखाने उभे राहिले.

सुरुवात युद्धाच्या टाकाऊ सामानापासून झाली. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्य भारतात जे सोडून गेलं, त्यात जड ट्रॅक्टरही होते. अन्नधान्याची टंचाई होती, आणि मध्य भारतातली चांगली काळी जमीन कांस नावाच्या गवतानं गिळली होती. त्याची मुळं इतकी खोल की बैलाच्या नांगराला ती दाद देईनात. 1947 साली केंद्र सरकारनं सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन स्थापन केली आणि हे सैन्याचे ट्रॅक्टर डागडुजी करून शेतात उतरवले. म्हणजे स्वतंत्र भारताच्या यांत्रिक शेतीचं पहिलं पाऊल जुनी इंजिनं चालती करण्यात पडलं. पुढं 1949 मध्ये जागतिक बँकेनं शेती यंत्रांसाठी भारताला 1 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, तेव्हा कुठं नवे ट्रॅक्टर आले. ते चालवणारी आणि दुरुस्त करणारी माणसं हवीत म्हणून 1955 साली नर्मदाकाठी बुदनीला आणि 1963 साली आजच्या हरियाणातल्या हिसारला प्रशिक्षण केंद्रं निघाली.

दुसरा धागा फाळणीचा. वायव्य सरहद्द प्रांतातून उखडलेली हजारो कुटुंबं फरिदाबादला वसवायची ठरली. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन कोऑपरेटिव्ह युनियननं निर्वासितांच्या हातूनच हे गाव उभं करण्याचा आग्रह धरला. गावाला वीज हवी होती. युद्धाची भरपाई म्हणून जर्मनीकडून मिळालेलं 6000 किलोवॅटचं डिझेल वीजकेंद्र तिथं उभारलं गेलं आणि त्यात निर्वासितांचे हात लागले. काल दुकान किंवा शेती करणारा माणूस आज डिझेल इंजिनाचे नटबोल्ट आवळू लागला. फरिदाबादच्या हातांना डिझेलची ओळख ट्रॅक्टरच्या आधी अशी झाली.

तिसरा धागा व्यापाराचा. लाहोरला 1944 मध्ये नंदा बंधूंनी सुरू केलेली एस्कॉर्ट्स कंपनी फाळणीनंतर दिल्लीत आली. 1948 साली गुडअर्थ नावाची कंपनी निघाली, तिचा धंदा आयात केलेल्या ट्रॅक्टरांची विक्री आणि देखभाल हा होता. परदेशी ट्रॅक्टर पंजाबच्या शेतात बिघडला तर सुटा भाग जहाजानं यायला महिने लागत. पेरणी तेवढं थांबत नाही. मग लेथवर भाग घडवणं, जुनाच भरून घेणं, दुसऱ्या इंजिनाचा घासून बसवणं सुरू झालं. गुडअर्थनं बव्हेरियातल्या आयशर कंपनीशी हात मिळवले आणि 1959 साली फरिदाबादहून पहिला आयशर बाहेर पडला. एस्कॉर्ट्सनं साठच्या दशकात पोलंडच्या उर्सुस कंपनीच्या तंत्रावर स्वतःचे ट्रॅक्टर काढले, 1971 मध्ये फोर्डचेही.

मराठी वाचकाला हे सारं परकं वाटायला नको. सातारच्या कूपर कारखान्यातली डिझेल इंजिनं, 1946 साली पुण्यात सुरू झालेलं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, विहिरीवर टकटकणारं मशीन आणि ते बंद पडलं की सायकलवरून येणारा मिस्त्री, हे आपल्याकडचं त्याच कुळातलं घराणं.

आता त्या विद्येच्या पोटात शिरू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेलनं 1897 साली आउग्सबुर्गला चालवून दाखवलेल्या इंजिनाचं तत्त्व आजही तेच आहे: हवा इतकी दाबायची की तिच्याच उष्णतेनं इंधन पेटावं. सगळी मदार दाब टिकण्यावर, म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि लायनर यांच्या जवळिकीवर. इंजिन उभं राहिलं की हीच जवळीक घात करते. ट्रॅक्टरचा सायलेन्सर आकाशाकडे तोंड करून असतो. इंजिन बंद होताना एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो. पावसाचं पाणी त्या वाटेनं थेट पिस्टनवर उतरतं, आणि काही पावसाळ्यांत रिंगा लायनरला गंजानं चिकटून बसतात.

असं इंजिन सोडवताना जाणता मिस्त्री पहिली गोष्ट करतो ती म्हणजे बळ वापरत नाही. सेल्फ मारत नाही, उतारावरून ढकलत नाही, कारण एका बसलेल्या पिस्टनपायी कनेक्टिंग रॉड वाकतो. हेड उतरवून तो प्रत्येक पिस्टनवर डिझेल आणि पातळ तेलाचं मिश्रण भरतो आणि मुरू देतो. मग ट्रॅक्टर वरच्या गिअरात टाकून मागचं मोठं चाक हातानं किंचित पुढं, किंचित मागं हलवतो. लाकडाचा ठोकळा ठेवून पिस्टनवर हलके ठोके देतो. केसभर हालचाल झाली की तिथून उलट दिशेला, पुन्हा पुढं. सुटलेला गंज बाहेर यायला वाट मिळाली पाहिजे.

खरं कौतुक या इंजिनांच्या घडणीचं आहे. पाण्यानं गार होणाऱ्या अनेक ट्रॅक्टर इंजिनांत सिलिंडर म्हणजे ब्लॉकमध्ये वेगळी बसवलेली नळी, लायनर. गंजला तर पुलरनं ओढून काढा, खालच्या रबरी रिंगा बदला, नवा दाबून बसवा, ब्लॉक तोच. हवेनं गार होणाऱ्या जुन्या एक सिलिंडरी आयशरचं तर पंख असलेलं बॅरलच सुटं. रॉडचे बोल्ट खालून सोडले की ते अडकलेल्या पिस्टनसकट वर उचलून घेता येतं. क्रँकची झीज होणार हेही धरलेलंच असे. ती पाव-पाव मिलिमीटरच्या पायरीनं घासायची आणि त्या मापाची जाड बेअरिंग घालायची. मिस्त्री त्याला दहा, वीस, तीस, चाळीस म्हणतात, म्हणजे इंचाचे तितके हजारावे भाग. चाळीसवर आलेली क्रँक पाहिली की त्या इंजिनानं किती हंगाम काढले ते कळतं.

शेवटचा अवघड भाग डिझेल पंपाचा. त्यातल्या प्लंजरची फट दोन-तीन मायक्रॉनची, म्हणून हे काम पंपवाल्याच्या बाकावरच व्हावं. पंपाची रॅक गंजून पूर्ण इंधनावर अडकली असेल तर सुरू झालेलं इंजिन आवरत नाही, वेग वाढत जाऊन फुटू शकतं. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना हवेच्या तोंडावर दाबायला एक फळी हाताशी ठेवतात. ही फळी मी पाहिली आहे, आणि ती धरणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे.

आज आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय 2005 पासून टाफेकडे आहे, एस्कॉर्ट्समध्ये जपानची कुबोटा आली आहे. राष्ट्रीय हरित लवादानं 2015 साली दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. नंतरही त्यावर फेरविचार होत राहिला. दिल्लीच्या हवेचं दुखणं खरं आहे, आणि जुनं इंजिन रोज रस्त्यावर धूर ओकत फिरावं असा माझा आग्रह नाही. पण बंदी वापरावर असावी, स्मृतीवर नव्हे. जुन्या मोटारींसाठी दिल्लीत 1964 पासून रॅली भरते. देशाला अन्न पिकवून देणाऱ्या ट्रॅक्टरच्या वाट्याला मात्र बहुधा भंगाराचा काटा येतो, आणि त्याच्याबरोबर त्याचं इंजिन उघडता येणाऱ्या हातांचं ज्ञानही जातं.

म्हणून ज्यांच्या शेतात, वाड्यात जुना ट्रॅक्टर उभा आहे त्यांना एवढंच सांगणं: आज त्याच्या सायलेन्सरवर एक डबा उपडा घाला. इंजिन नंबर लिहून ठेवा. कुणी कितीही सांगितलं तरी सेल्फ मारू नका. आणि गावात ज्यानं असं इंजिन बांधलं आहे तो मिस्त्री हयात असेल, तर एखाद्या आयटीआयच्या पोराला त्याच्या शेजारी बसवा.