दिनविशेष : ३ ऑक्टोबर
स्वामी रामानंद तीर्थ यांचा जन्म (१९०३)

विजापूर जिल्ह्यातील सिंदगीत जन्मलेले व्यंकटेश भवानराव खेडगीकर पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले. पण भगवी वस्त्रे घालून मठात बसणारे हे संन्यासी नव्हेत! आधी कामगार चळवळ, मग हिप्परगा आणि अंबाजोगाईत मास्तरकी, आणि नंतर थेट हैदराबादच्या निजामाशी टक्कर. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा मराठवाड्यातील गंगापूर तालुका निजामाच्याच अमलात होता. त्याच दिवशी हैदराबादेत तिरंगा फडकावून स्वामीजी तुरुंगात गेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी गंगापूरसह अवघा मराठवाडा मुक्त झाला. १९५७ मध्ये ते औरंगाबादमधून लोकसभेवर निवडून गेले. निधन : २२ जानेवारी १९७२. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे.