यामाहा टीएक्स ८१ झेड

अंकीय पद्धतीने ध्वनी निर्माण करणारे जपानच्या यामाहा कंपनीचे सिंथेसायझर. ते १९८७ मध्ये विक्रीस आले. त्यास स्वतःच्या स्वरपट्ट्या नाहीत. १९ इंची चौकटीत बसणारी ही चपटी पेटी दुसऱ्या वाद्यावरून वा संगणकावरून ‘मिडी’ या संकेतप्रणालीद्वारे वाजविली जाते.

तिच्या मुळाशी असलेले कंप्रता-विरूपणाचे तत्त्व नभोवाणीत पूर्वीपासून वापरात होते. संगीतातील त्याचे सामर्थ्य मात्र स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगीतरचनाकार जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये संगणकावर प्रयोग करताना उमगले. एका तरंगाने दुसऱ्याची कंप्रता सावकाश बदलली, तर स्वर डोलतो. हाच बदल सेकंदास शेकडो वेळा होऊ लागला की, डोलणे ऐकू न येता नव्या कंप्रता निर्माण होतात व स्वरगुणच पालटतो. दोन्ही कंप्रतांचे गुणोत्तर साध्या पूर्णांकांचे असल्यास ध्वनी सुरेल होतो, एरवी घंटेसारखा. पूर्वी जेथे डझनावारी तरंगांची बेरीज करावी लागे, तेथे आता दोन पुरले. अमेरिकेतील ऑर्गन-उत्पादकांना या काटकसरीचे मोल कळले नाही. यामाहाने परवाना घेतला आणि १९८३ मध्ये सहा आंदोलकांचे ‘डीएक्स ७’ काढले.

टीएक्स ८१ झेडमध्ये प्रत्येक स्वरास चारच आंदोलक आहेत. तथापि त्यांना केवळ ज्या-तरंगच नव्हे, तर आठांपैकी कोणतेही तरंगरूप देता येते. त्यामुळे ती उणीव बरीचशी भरून निघते. एकाच वेळी आठ स्वर वाजतात व ते निरनिराळ्या ध्वनींत वाटता येतात. गंमत अशी की, इतके सारे असूनही ही पेटी मुख्यतः ‘लेटली बेस’ या एकाच तयार खर्ज-ध्वनीसाठी ओळखली जाते. १९९० नंतरच्या नृत्यसंगीतात तो विपुल वापरला गेला.